तळ्याकाठचा रस्ता कोणाचा?

तळ्याच्या काठाने जाणाऱ्या रस्त्याची तक्रार घेऊन नागरिक नगरपालिकेच्या दारी गेले, की दोन गोष्टींपैकी एक त्यांच्या पदरात हमखास पडते. रस्ता अपुरा आहे असे ठरले तर त्याचे रुंदीकरण होते. तो कुरूप आहे असे ठरले तर त्याचे सौंदर्यीकरण होते. तो धोक्याचा आहे, ही मूळ तक्रार मात्र दोन्ही फायलींत कोठेच आढळत नाही. रुंदीकरणाने मोटारींचा वेग वाढतो आणि सौंदर्यीकरणाने मोटारीतून दिसणारा देखावा सुधारतो. पायी चालणारा व सायकलवरून जाणारा माणूस या दोन्ही समारंभांनंतर होता तेथेच, म्हणजे गटाराच्या झाकणावर, उभा असतो. या दोन औषधांविरुद्ध मला येथे भांडावयाचे आहे. आणि ज्या गावात मी राहतो व वकिली करतो त्या ग्वाल्हेरचा दाखला मी पुढे करणार असलो, तरी गोव्या-कोकणातील वाचकांना तो परका वाटणार नाही अशी माझी खात्री आहे.

रस्ता म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे साधन, ही व्याख्या अभियंत्याच्या कामापुरती ठीक आहे. तळ्याकाठच्या रस्त्याला ती अर्धीच लागू पडते. तेथे माणसे कोठे तरी पोहोचावयाचे म्हणून जशी येतात, तशीच केवळ थोडा वेळ तेथे असावे म्हणूनही येतात. सकाळी औषधाच्या गोळीसारखे नेमाने चालणारे म्हातारे, कठड्यावर पाय सोडून बसलेली कॉलेजची मुले, पोराला पाण्यातली बदके दाखवीत कडेवर घेऊन चाललेली आई, ही त्या रस्त्याची खरी वहिवाट होय. कायद्याच्या भाषेत वहिवाटीला फार मान आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापराने शेताच्या बांधावरून जाण्याचा हक्क सिद्ध होतो. मग तळ्याच्या काठाने पायी चालण्याची वहिवाट मोटारीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीची असताना, तिलाच आज अतिक्रमण समजावे हा कोणता न्याय?

ग्वाल्हेरचे पाणी हा आम्हां मराठी मंडळींच्या थोड्या अभिमानाचा विषय आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी टाकली आणि त्या लष्कराच्या तळाचेच पुढे 'लष्कर' नावाचे शहर झाले. डोंगर कोरडे, उन्हाळा भाजून काढणारा, आणि गावातून वाहणारी स्वर्णरेखा नावापुरती सोनेरी. तेव्हा राज्यकर्त्यांना तळ्यांची काळजी वाहावी लागली यात नवल नाही. मोतीमहालासमोरचा बैजाताल हा बायजाबाईंच्या नावाचा. कागलकर घाटग्यांची ही लेक दौलतरावांच्या मृत्यूनंतर, १८२७ ते १८३३ या काळात, राज्याचा कारभार पाहात होती. त्याच मोतीमहालात पुढे १९४८ ते १९५६ पर्यंत मध्यभारत राज्याचे सचिवालय होते. जयविलास राजवाडा, शिंद्यांच्या छत्र्या आणि मोठे सरकारी इस्पितळ यांच्या परिसरात कटोराताल आहे. आणि गावापासून वीसएक किलोमीटरांवर सांक नदी अडवून केलेले तिघऱ्याचे धरण आहे. ते १९१६ साली उभे राहिले, १९१७ च्या पावसाळ्यात फुटले, पुन्हा बांधले गेले, आणि विश्वेश्वरय्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे ज्या मोजक्या धरणांवर बसविले गेले त्यांत त्याची गणना होते. आज शहर पाणी पिते ते मुख्यतः तिघऱ्याचेच. (मराठीत तळे, कोंकणीत तळें, हिंदीत ताल. तानसेनाच्या गावात 'ताल' म्हटल्यावर पाणी आधी आठवावे की तबला, हा प्रश्न मी रसिकांवर सोडतो.)

आता या जलाशयांच्या काठचे रस्ते पाहा. ग्वाल्हेरची निवड २०१६ साली केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेत झाली, आणि ती योजना ३१ मार्च २०२५ रोजी अधिकृतपणे संपली. मधल्या काळात बैजातालाचे रूप पालटले, आणि कटोरातालचा रस्ता 'थीम रोड' म्हणून सजविण्यात आला. दगडी काम, दिवे, बाके यांवर माझा मुळीच आक्षेप नाही. सुंदर वस्तूंचा राग करणे हा दळभद्रेपणा होय. परंतु रस्त्याला 'थीम' असते, म्हणजे काय असते? नाटकाला विषय असतो, मेजवानीला बेत असतो, लग्नपत्रिकेला मजकूर असतो. रस्त्याचा विषय एकच: माणूस निघाला तसा धडधाकट पोहोचावा. हा विषय ज्याला रोचक वाटत नाही त्यालाच दुसरा शोधावा लागतो. शिवाय सजावटीचा एक गुण असा की तिचे छायाचित्र काढता येते. अपघात न झाल्याचे छायाचित्र निघत नाही, आणि उद्‌घाटनाची फीत बांधावयाची तर ती कशाला तरी बांधावी लागते. म्हणूनच सौंदर्यीकरणाला निधी मिळतो आणि सुरक्षिततेला शुभेच्छा मिळतात.

याच भागात अचलेश्वराचे देऊळ आहे. त्याची आख्यायिका ग्वाल्हेरच्या प्रत्येक पोराला पाठ असते. राजमार्गाच्या मधोमध शिवलिंग होते. महाराजांची स्वारी जाण्यास अडचण, म्हणून ते हलवावयाचे ठरले; साखळदंड बांधून हत्ती लावले; साखळ्या तुटल्या, पण लिंग तसूभर हलले नाही. अखेर देव जेथल्या तेथे राहिला आणि रस्ता त्याच्या बाजूने गेला. कथेतली श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी; मला तिच्यातला स्थापत्यशास्त्रीय सिद्धान्त मोलाचा वाटतो. रस्ता वळू शकतो. त्याची रुंदी, त्याची दिशा, त्याचा वेग या ईश्वरनिर्मित गोष्टी नाहीत. आमच्या शहरात रस्त्याने एकदा देवापुढे माघार घेतलेली आहे. प्रश्न एवढाच की काठी टेकीत चालणाऱ्या माणसापुढे ती घेण्यासाठी त्यानेही अचल व्हावे काय? तसे अचल झालेले पुष्कळ आहेत. त्यांची नावे दावा न्यायाधिकरणाच्या कागदांत सापडतात.

त्या कागदांचे गणित सामान्य वाचकास ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर दिवसाला सुमारे नव्वद. मोटार पळून गेली आणि सापडली नाही, तर मृताच्या वारसांना मिळावयाची रक्कम १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये झाली. त्याआधी ती पंचवीस हजार होती. मोटार सापडली तर मृताचे वय, उत्पन्न, आश्रितांची संख्या यांवरून हिशेब होतो. विधवेच्या सहवासहानीचे मोल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली चाळीस हजार रुपये ठरविले आणि दर तीन वर्षांनी त्यात दहा टक्के वाढ करावी असे सांगितले. मी या हिशेबांची थट्टा करीत नाही. न्यायाला काही तरी आकडा लिहावाच लागतो. मात्र विमा कंपनीचा वकील उभा राहिला की त्याचा पहिला बचाव ठरलेला असतो: मृत मनुष्य पदपथ सोडून रस्त्यावरून चालत होता, सबब अंशदायी निष्काळजीपणा. पदपथ तेथे होता काय, असल्यास त्यावरून चालता येत होते काय, आणि तो तसा का होता, हे प्रश्न त्या दाव्यात बहुधा गौण ठरतात, कारण ज्याने रस्ता आखला तो प्रतिवादी नसतो. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८-अ घालण्यात आले. रस्त्याच्या आखणीत वा देखभालीत ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू ओढवला, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड लाखाच्या वर जात नाही, आणि तो मृताच्या घरीही जात नाही, सरकारी निधीत जमा होतो. तरीही हे कलम स्वागतार्ह आहे, कारण रस्त्याची आखणी हाही एक कर्ता आहे हे कायद्याने त्यात प्रथमच मान्य केले.

मूळ रोग वेगाचा आहे. केंद्र सरकारच्या ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिकेच्या हद्दीतील रस्त्यांवर मोटारीस ताशी ७० किलोमीटर आणि मोटारसायकलीस ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे. राज्याने वा स्थानिक अधिकाऱ्याने ती खाली आणली नाही तर बैजातालच्या काठानेही हाच आकडा कायदेशीर ठरेल! चालकाला धोका दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. तेवढ्यात ७० च्या वेगाने मोटार १९ मीटरांहून अधिक पुढे सरकते. ३० च्या वेगाने ८ मीटरांहून थोडी अधिक. आणि आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ७० चा धक्का ३० च्या धक्क्याच्या पाचपटींहून जबर असतो. ज्या मुलाचा चेंडू रस्त्यावर गेला आहे त्याच्या दृष्टीने हा फरक आयुष्य आणि मृत्यू यांतला आहे. मोटार चालविणाऱ्याच्या दृष्टीने तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो काही थोड्या सेकंदांचा आहे. जगातील देशांनी फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे जो जाहीरनामा काढला त्यात जेथे माणसे आणि मोटारी एकत्र येतात तेथे ३० ची मर्यादा असावी असे म्हटले, ते या साध्या गणितावरून. त्यासाठी कोणता दगड बसवावा लागत नाही. कदाचित म्हणूनच ते सुचत नाही.

आता पायी चालणाऱ्याचा हक्क हा केवळ दयेचा विषय राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी असे सांगितले की चालण्यायोग्य, अडथळ्यावाचूनचा पदपथ मिळण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. त्याच प्रकरणात ७ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालय याहून पुढे गेले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८(१-अ) खाली पादचारी व बिनयांत्रिक वाहने यांच्यासाठी, आणि कलम २१०-ड खाली राष्ट्रीय महामार्गांखेरीजच्या रस्त्यांच्या आखणी-बांधणीसाठी, सर्व राज्यांनी सहा महिन्यांत नियम करावेत असा आदेश झाला. माझ्या मते या निकालाचे महत्त्व अजून आमच्या नगरशासनाच्या पूर्ण ध्यानात आलेले नाही. कालपर्यंत पदपथ ही सोय होती. आज त्याचा अभाव हा अधिकारभंग आहे. सोय नसल्याबद्दल निवेदन देतात. अधिकारभंगाबद्दल याचिका करतात.

एवढे सांगितले की अधिकारीवर्गातील समजूतदार माणसे मान डोलावतात आणि म्हणतात, "सर्व खरे, पण जागा कोठे आहे?" या प्रश्नात मोठी मेख आहे. जागा नाही असे म्हणणाऱ्याने मोटारींची जागा आधीच वजा केलेली असते; उरलेल्या शून्यातून पादचाऱ्याला वाटा द्यावयाचा असतो. आणि उदारपणाचा झटका आलाच, तर तो तळ्याकडे बोट दाखवितो. पाण्यात थोडा भराव टाकावा, त्यावर चालण्याचा मार्ग करावा. मोटारींचेही काही जात नाही आणि चालणारेही खूष. जाते ते फक्त तळ्याचे, आणि तळे काही अर्ज करीत नाही.

मुंबईत पवईला नेमके हेच झाले. महानगरपालिकेने तळ्याच्या काठाने सायकलींसाठी व धावणाऱ्यांसाठी मार्ग बांधावयास घेतला. दगडांच्या जाळीबंद पेट्यांवर तो उभा राहील आणि पाणी खालून खेळते राहील, असे सांगण्यात आले. पवईच्या तळ्यात मगरी आहेत. त्यांचे म्हणणे अर्थात कोणी विचारले नाही. शेजारच्या तंत्रविद्येच्या संस्थेतील विद्यार्थी आणि पर्यावरणाचे कार्यकर्ते न्यायालयात गेले, आणि ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते काम पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांविरुद्ध ठरवून थांबविले, इतकेच नव्हे तर केलेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करावयास सांगितले. त्या वेळी काही सायकलप्रेमी हळहळले. त्यांची हळहळ मला समजते, परंतु तिची दिशा चुकली होती. सायकलीचा वैरी तो निकाल नव्हता. काठाने मोटारींचा रस्ता जशाच्या तसा ठेवून सायकलीला पाण्यात लोटण्याची जी कल्पना, ती सायकलीची खरी वैरीण होय.

येथे एक कायदेशीर आक्षेप येईल, आणि तो खोडून टाकण्यासारखा नाही. त्याचा विचार केला पाहिजे. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली असे धरले की तो तलाव भोसल्यांच्या काळातील मानवनिर्मित जलाशय असल्यामुळे नियमांतील 'पाणथळ' या व्याख्येत बसत नाही. मग शिंद्यांनी सांभाळलेली आमची तळीही मानवनिर्मितच. त्यांना कोणते संरक्षण? उत्तर त्याच निकालात आहे. न्यायालयाने अपील फेटाळले, तरी सार्वजनिक न्यासाचे तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू पडते हेही स्पष्ट केले. हे तत्त्व आपल्याकडे १९९६ च्या कमलनाथ प्रकरणापासून दृढ झालेले आहे: नदी, तळे, किनारा यांचा शासन मालक नव्हे, विश्वस्त होय. विश्वस्ताने इस्टेटीतला तुकडा मोडून एका लाभार्थ्याला देऊ नये, आणि तो लाभार्थी चारचाकी असल्यास तर मुळीच नाही. भोसल्यांचे तळे असो की शिंद्यांचे, बांधणाऱ्याने ते प्रजेसाठी बांधले; त्याच्या काठची जमीनही त्याच विश्वासाने आपल्याकडे आली आहे.

तेव्हा जागा काढावयाची ती रस्त्यातूनच. दोन मोटारी समोरासमोर जातात तेथे एकीने जावे. एकेरी वाहतूक ही काही क्रांती नव्हे. काठाला लागून उभ्या राहणाऱ्या मोटारींची रांग उठविली तरी एका बाजूस दोन मीटर मोकळे होतात, आणि चांगल्या पदपथाला भारतीय रस्ते परिषदेच्या मानकाप्रमाणे कमीत कमी १.८ मीटरच लागतात. सार्वजनिक तळ्याच्या काठी एका खाजगी मोटारीने दिवसभर फुकट विसावा घ्यावा आणि माणसाने मात्र तिच्या आरशाला कोपर न लागेल अशा बेताने अंग चोरून जावे, ही व्यवस्था आपण इतकी वर्षे निमूटपणे सोसली याचेच मला आश्चर्य वाटते.

दुसरा आक्षेप वाहतुकीच्या खोळंब्याचा. हा रस्ता आवळला तर शेजारचे तुंबतील. पॅरिसमध्ये हाच आक्षेप आला होता. सेन नदीच्या उजव्या तीरावर १९६७ साली मोटारींचा द्रुतमार्ग झाला, त्यातील ३.३ किलोमीटरांचा भाग २०१६ साली शहराने पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी मोकळा केला. विरोधक प्रशासकीय न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने, परिणामांचा अभ्यास सदोष होता म्हणून, तो निर्णय रद्दही केला. महापौर ॲन इदाल्गो यांनी पुढच्याच महिन्यात नदीतीराच्या वारशाच्या रक्षणाचा आधार घेऊन नवा आदेश काढला, तो ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयात टिकला. माझ्या व्यवसायातील माणसाला या कथेत विशेष रस वाटतो तो असा की, पहिल्या पराभवानंतर त्या नगरशासनाने मोटारी परत आणल्या नाहीत; त्याने आपला युक्तिवाद सुधारला. आमच्याकडे एखाद्या दुकानदार-मंडळाचे निवेदन आले की तेवढ्यानेच सुधारणा मागे घेतली जाते. तिकडे गर्दी थोडीबहुत शेजारच्या रस्त्यांवर गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण शहराने विचारपूर्वक ठरविले की नदीचा काठ ही शेजारच्या रस्त्याहून वेगळी वस्तू आहे.

आपल्या राज्याच्या राजधानीत काय ठरले ते तर नावातच दिसते. भोपाळच्या मोठ्या तळ्याला २००२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. त्याच्या काठाने जाणाऱ्या देखण्या रस्त्याला सर्व जण 'व्हीआयपी रोड' म्हणतात. इतके प्रांजळ नामकरण मी दुसरे पाहिले नाही. गोमंतकीय वाचकांना पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा बंधाऱ्यावरचा रस्ता आठवेल. व्हाइसरॉय लिन्यारिस यांच्या कारकीर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास तो झाला. मिठागरे आणि मांडवी यांच्या मधून जाणारा तो तीनएक किलोमीटरांचा पट्टा पायी चालणाऱ्यांच्या, मेण्यांच्या आणि घोड्यांच्या मापाने आखलेला आहे. त्यावर आज मोटारी धावतात, आणि भर पावसात तेथून सायकलीने जावयाचे झाल्यास देवाचे नाव घ्यावे लागते. जुन्या रस्त्यावर नवा वेग लादला की दोष जुन्या रस्त्याचा ठरतो, ही रीत ग्वाल्हेरपासून गोव्यापर्यंत एकच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत चीड आणतो. "पदपथ दिले तरी लोक त्यावरून चालत नाहीत." का चालत नाहीत याचा शोध घेण्यास अभियंत्याने आपल्या आईला त्या पदपथावरून अर्धा मैल चालवून पाहावे. दर पन्नास पावलांवर फाटकासाठी तो तुटतो. म्हातारीने उतरावे आणि गुडघा धरून पुन्हा चढावे. मधोमध विजेचा खांब, त्यापुढे रोहित्राचा पिंजरा, त्यापुढे रसवंतीचे गुऱ्हाळ, त्यापुढे गुळगुळीत फरशी, जी छायाचित्रात चकाकते आणि पावसात दात पाडते. ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. रुंदीकरणात कडेची निंबे आणि पिंपळ तोडून त्या जागी शोभेची ताडवर्गीय झाडे लावली, तर दुपारी त्या पदपथावरून पिशाच्चही चालणार नाही. सावली ही सजावट नसून रस्त्याचे अंग आहे, हे उत्तर हिंदुस्थानात तरी सांगावे लागू नये. गुऱ्हाळवाल्यावर मात्र माझा रोख नाही. त्याला हुसकून लावून जागा मोकळी केल्याचे समाधान मानणे ही शासनाची आवडती पळवाट आहे. तोही तळ्याच्या वहिवाटदारांपैकीच. त्याला पदपथ आखतानाच जागा नेमून दिली म्हणजे तो वाटेत येत नाही. २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्याने ती त्याला मिळावयासच हवी.

सायकलीविषयी वेगळे बोलले पाहिजे, कारण तिचे दोन पंथ झाले आहेत. बिर्लानगरची जियाजीराव कापड गिरणी चालू होती तेव्हा सायकल हे या गावातील कामकऱ्याचे वाहन होते. गिरणी बंद पडली, तरी पहारेकरी, गवंडी, इस्पितळातील शिपाई, वर्तमानपत्र टाकणारी मुले आजही सायकलच चालवितात. दुसरा पंथ शिरस्त्राण घालून पहाटे निघणाऱ्या हौशी मंडळींचा. नगरशासनाशी बोलणी करावयास हेच दुसरे जातात, आणि ते मागतात ती गोष्ट रविवारची असते: दोन तास रस्ता बंद, चहा-पोहे, टी-शर्ट. त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या मागण्यांत रात्री दहा वाजता पाळी संपवून घरी जाणाऱ्या पहारेकऱ्याला धरावे. त्याला मार्ग सुरक्षित झाला तर त्यांना आपोआप होतो. उलट होत नाही.

आणि हे सर्वांत उघडपणे दिसते ते तिघऱ्याच्या वाटेवर. पावसाळ्यात धरण भरले की सारे शहर पाणी पाहावयास तिकडे लोटते. डोंगर हिरवे झालेले असतात, रस्ता मोकळा, मोटारसायकलीवर तीन-तीन तरुण, आणि त्याच रस्त्याने आसपासच्या गावांतली माणसे शेतावर आणि मुले शाळेत जात असतात. मध्यप्रदेश शासन खेड्यांतील सहावीच्या व नववीच्या दूर राहणाऱ्या मुलामुलींना शाळेसाठी फुकट सायकली देते. योजना उत्तम आहे. तिच्यामुळे मुली शाळेत टिकतात. पण सायकल देणारे खाते वेगळे, रस्ता बांधणारे वेगळे, आणि दोघांची भेट बहुधा पंचनाम्यावर होते. तिघऱ्याचा रस्ता अधिक गुळगुळीत व रुंद करून पर्यटन वाढविण्याच्या गोष्टी ज्यांना बोलावयाच्या आहेत त्यांनी आधी त्या वाटेवरच्या गावांपाशी वेग मोडण्याची सोय, डांबराच्या कडेला पक्की मातीची वा खडीची पट्टी, आणि सायंकाळनंतर दिवे, एवढे करून दाखवावे. तेथे पाण्यात भराव टाकण्याचा मोह कोणाला होणार नाही, कारण ते पाणी आपण पितो. बैजातालचे आपण पीत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत अधिक सावध राहावयास हवे.

मागणे काय, ते आता नेमके सांगतो. कलम ११२(२) खाली अधिसूचना काढून बैजाताल व कटोराताल यांच्या काठांवर ताशी ३० किलोमीटरांची मर्यादा घालावी, आणि ती फलकावर न ठेवता रस्त्याच्या उंचवट्यांनी व वळणांनी अमलात आणावी. कारण फलक वाचून वेग कमी करणारा चालक मला अजून भेटावयाचा आहे. कलम ११५ खाली पहाटे पाच ते आठ आणि सायंकाळी काही तास जड वाहने तेथून बंद करावीत. काठाला मोटारी उभ्या करण्यास मनाई करून ती पट्टी सलग, एका पातळीच्या, झाडांच्या सावलीतल्या पदपथास द्यावी. इस्पितळाकडे जाणाऱ्यांसाठी रस्ता ओलांडण्याची जागा पदपथाच्याच उंचीवर उचलून घ्यावी, म्हणजे तेथे मोटार चढेल आणि रुग्णाची खुर्ची चढणार नाही. तळ्याच्या पाण्याची आजची कड मोजून नकाशावर नोंदवावी आणि तिच्या आत एक फरशीही पडू देऊ नये. यांतील पहिल्या दोन गोष्टींस निविदा लागत नाही, ठेकेदार लागत नाही. राजपत्रातील एक पान आणि एक सही लागते.

जिल्हा रस्ता सुरक्षा समिती प्रत्येक जिल्ह्यात असते. तिच्याकडे अर्ज करावयास नागरिकाला वकिलाची गरज नाही. ग्वाल्हेरातील मराठी मंडळांनी यंदाच्या गणेशोत्सवात वर्गणीबरोबर या अर्जावर सह्याही गोळा कराव्यात. अर्ज हिंदीत लिहावा, म्हणजे तो वाचला जाईल; त्याला ७ ऑक्टोबरच्या निकालाची प्रत जोडावी, म्हणजे तो दप्तरी दाखल होण्यापूर्वी कोणी तरी विचार करील; आणि 'सौंदर्यीकरण' हा शब्द त्यात चुकूनही येऊ देऊ नये, नाहीतर तेवढेच मंजूर होईल.